बारकीला वाचता येते, त्याबद्दल

सोमवारी सकाळी दहा वाजून अडतीस मिनिटांनी, शिक्षणशास्त्र महाविद्यालयाच्या पहिल्या मजल्यावरील पाठ-निरीक्षण कक्षात, नऊ वर्षांच्या एका मुलीने फळ्यावरचे वाक्य न अडखळता वाचले. ‘बदक पाण्यात पोहते’ असे ते वाक्य होते. कोणालाही इजा झाली नाही.

कक्षात त्या वेळी चार जण हजर होते. मागच्या खुर्चीवर बहिःस्थ परीक्षक, त्यांच्या शेजारी विभागप्रमुख बाई, फळ्यापाशी पाठ घेणारी विद्यार्थिनी रोल नंबर एकोणतीस आणि बाकावर ती मुलगी. तिला घरी आणि महाविद्यालयात सगळे बारकी म्हणत. कागदपत्रांत तिचा उल्लेख ‘प्रमाणित बालक’ असा होता.

महाविद्यालय जी पदवी देते ती अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शिकवण्याची. म्हणजे बुद्धीने काही कमी नसून ज्यांना अक्षरे दाद देत नाहीत, अशी मुले. पदवीसाठी प्रत्येकाने अशा प्रमाणित बालकावर वीस पाठ घ्यायचे आणि विसावा परीक्षकांसमोर घ्यायचा, असा नियम आहे. मान्यता मिळाली तेव्हा महाविद्यालयाच्या पाठ-वर्गात आठ प्रमाणित बालके होती. पालकांनी एकेक करून सात काढून नेली. उरली बारकी. विद्यार्थी बेचाळीस होते. रोज चार या हिशेबाने त्या सोमवारपर्यंत बारकीवर सातशे अठ्ठ्याण्णव पाठ झाले होते आणि ते सगळे बदकाचे होते, कारण विभागाने मंजूर केलेला पाठ तेवढा एकच होता.

मंजूर पाठाच्या टाचणात, म्हणजे लेखी आराखड्यात, तीन रकाने होते. ‘शिक्षकाची कृती’ या रकान्यात फळ्यावर वाक्य लिहिणे होते. ‘बालकाची अपेक्षित कृती’ या रकान्यात अडखळणे होते. तिसऱ्या रकान्याप्रमाणे पुढची बत्तीस मिनिटे त्या अडखळण्यावर उपाय करायचा होता. बारकी तिसऱ्याच मिनिटाला वाचून मोकळी झाली.

“छान,” एकोणतीस म्हणाली आणि टाचणाकडे बघत उभी राहिली.

“पुढे?” परीक्षकांनी विचारले.

“सर, पुढे तिने अडखळायचं होतं.”

विभागप्रमुख बाईंनी सूत्रे हाती घेतली. “पाठ झालंय हो तिचं. हे वाचन नव्हे, ही घोकंपट्टी.” त्यांनी उठून बदक पुसले आणि ‘मांजर खिडकीत बसले’ असे लिहिले. बारकीने मांजर वाचले. बाईंनी ‘गाडवाने टोपी घातली’ असे लिहिले. बारकीने गाढव वाचले, जरा हसली आणि म्हणाली, “मॅडम, ‘ढ’ पाहिजे.”

परीक्षकांनी मांडीवरचा तपासणी-तक्ता घाईने उलटा केला. पण तो आधीपासूनच बारकीच्या बाजूने उलटा होता, त्यामुळे आता सुलटा झाला.

“‘बालकाची वाचनक्षमता: नाही,’” तिने मागे वळून मोठ्याने वाचले. “हे तुम्ही आधीच लिहून आणलंत का हो, सर?”

परीक्षकांनी पेन काढले आणि खाली एक ओळ वाढवली: ‘पाठ अवैध. बालक वाचते.’ बारकीने तीही वाचली.

दुपारी तीन वाजता प्राचार्यांच्या दालनात तातडीची बैठक झाली. विषयपत्रिकेवर एकच विषय होता: ‘प्रमाणित बालकाच्या वाचनाने उद्भवलेली परिस्थिती.’ परिस्थिती गंभीर होती. बालक वाचत असेल तर पाठ अवैध, पाठ अवैध तर पदव्या नाहीत आणि सलग दोन वर्षे पदव्या नाहीत तर मान्यता नाही. दुसरे प्रमाणित बालक मिळवायला प्रमाणन मंडळाची तारीख लागते आणि ती दीड वर्षापुढची मिळत होती.

“मुळात हे घडलंच कसं?” प्राचार्यांनी विचारले.

“आमच्याकडून काही झालेलं नाही, सर,” विभागप्रमुख बाई तातडीने म्हणाल्या. “सातशे अठ्ठ्याण्णव पाठांची नोंद आहे. एकाही पाठात प्रगती नाही. रजिस्टर आणू?”

चौकशी झाली आणि धागा तळमजल्यावरच्या किल्ल्यांच्या फळीपर्यंत पोचला.

ही फळी सांभाळणाऱ्या शिपाई मावशींची नोकरी तेवीस वर्षांची होती. फळीवर चौतीस खिळे, प्रत्येक खिळ्यावर किल्ली आणि प्रत्येक किल्लीला पितळी बिल्ला. बिल्ल्यावर खोलीचे नाव खोल कोरलेले. दोन पाठांच्या मध्ये बारकीला बसायला जागा नव्हती, म्हणून ती फळीखालच्या बाकावर बसे. मावशींचे गुडघे दुखत. “बारके, ती भांडाराची दे गं,” असे त्या बसल्या जागेवरून सांगत. बारकी पहिले काही दिवस चुकीचीच किल्ली आणी. मावशी ती परत तिच्या हातात ठेवत आणि म्हणत, “डोळे मीट. अंगठा फिरव. काय लिहिलंय ते अंगठ्याला विचार. घाई नाही, दार कुठं पळतंय?” भांडार, ग्रंथालय, प्रयोगशाळा, प्राचार्य असे करत दीड वर्षात अंगठा चौतीस बिल्ले शिकला आणि मग त्याने डोळ्यांनाही शिकवले.

अक्षरे बोटांनी गिरवून शिकवण्याची ही पद्धत महाविद्यालयाला अपरिचित होती असे नाही. पहिल्या वर्षाच्या चौथ्या प्रकरणात ती होती, तिच्यावर बासष्ट स्लाइड होत्या आणि दहा गुणांचा हमखास येणारा प्रश्न होता. ती कोणावर करून बघावी असे मात्र अभ्यासक्रमात म्हटलेले नव्हते.

मावशींना कारणे दाखवा नोटीस निघाली. आरोप तीन होते: पदवी नसताना शिकवणे, टाचण न काढता शिकवणे आणि महाविद्यालयाच्या किल्ल्या शैक्षणिक साधन म्हणून वापरताना भांडारपालाची पूर्वपरवानगी न घेणे. नोटीस द्यायला गेलेल्या कारकुनाला मावशींनी चष्मा सापडत नसल्याचे सांगितले, तेव्हा ती बारकीने वाचून दाखवली. ‘पूर्वपरवानगी’पाशी ती थांबली, अंगठा मांडीवर फिरवला आणि पुढे गेली. हा चौथा आरोप म्हणून जोडण्यात आला.

“साहेब, मी कुठं शिकवलं?” मावशींनी तोंडी खुलासा केला. “माझे गुडघे दुखतात.”

बुधवारी बारकीची आई प्राचार्यांकडे आली. ती शिवणकाम करते. ब्लाउजची अर्धवट बाही पिशवीतून डोकावत होती आणि पदराला टाचण्या टोचलेल्या होत्या. तिला एक चिठ्ठी हवी होती. घराजवळच्या शाळेत चौथीत बारकीला घ्यायला मुख्याध्यापक तयार होते, पण तिचे नाव मंडळाच्या यादीत असल्याने ‘मुलीला वाचता येते’ असा लेखी दाखला पाहिजे होता. प्रवेशाची मुदत पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाच वाजता संपत होती.

“तिथल्या क्लार्कला म्हटलं, तिलाच वाचायला सांगा की,” आई म्हणाली. “तिनं त्यांची सगळी सूचना-फळी वाचून दाखवली, सर. ते म्हणाले, ऐकीव माहिती चालत नाही.”

“बरोबर आहे त्यांचं,” प्राचार्य म्हणाले. मग त्यांनी दार लोटून घेतले आणि आवाज उतरवला. “हे बघा, ताई. परीक्षा तीन आठवड्यांनी परत आहे, सहा दिवसांची. तेवढे सहा दिवस तिने जरा अडखळावं. बेचाळीस पोरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मग तुमच्या चिठ्ठीचं बघू.”

“बघू म्हणजे द्याल ना?”

“बघू म्हणजे बघूच की.”

आईने घरी येऊन बारकीला समजावले. बारकीने विचारले, “म्हणजे वाचता येतं हे कळायला आधी वाचता येत नाही असं दाखवायचं?” आई म्हणाली, “हो. मोठ्यांचं तसंच असतं.”

पुढचे तीन आठवडे महाविद्यालयात अभूतपूर्व शैक्षणिक चैतन्य होते. बारकीला अडखळायला शिकवायचे होते. त्याचे मंजूर टाचण उपलब्ध नसल्याने बेचाळीस विद्यार्थ्यांना प्रथमच स्वतः विचार करावा लागला. कुठे थांबेल तर खरे वाटेल, कोणते अक्षर उलटे वाटेल, दमल्यावर मूल खिडकीकडे बघते की जमिनीकडे, हे ठरवण्यासाठी त्यांनी ग्रंथालयातून पुस्तके काढली. काही पुस्तकांची पाने अजून कापलेलीही नव्हती. काही जण बारकीच्या शेजारी बसले. यापूर्वी ते तिच्यासमोर उभे असत.

“एकोणतीसताई, बदकावर अडखळू की पाण्यावर?” बारकी विचारी. ती सगळ्यांना रोल नंबरनेच हाक मारायची. अकरादादा, सतराताई, चाळीसदादा.

“पूर्वी तू कशावर अडखळायचीस?”

“सगळ्यावर. अक्षरं मुंग्यांसारखी चालायची ना.”

“मग आता?”

“आता अंगठा ठेवला की उभी राहतात.”

एकोणतीसने वहीत लिहिले: ‘वाचताना मुलीचा उजवा अंगठा हलतो.’ दोन वर्षांत तिने केलेले हे पहिले निरीक्षण. छापील नोंदपत्रकात त्याला रकाना नव्हता, म्हणून ते समासात राहिले.

परीक्षा ठरल्याप्रमाणे झाली. परीक्षक तेच होते. “मागच्या खेपेला काय झालं ते मला आठवत नाही,” त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. “आठवलं तर लिहावं लागेल.” अवैध पाठाचा कागद नजरचुकीने दुसऱ्या फायलीत गेला होता आणि त्या फायलीच्या कपाटाची किल्ली, मावशी आता चौकशी संपेपर्यंत निलंबित असल्यामुळे, सापडत नव्हती.

सहा दिवस, रोज सात पाठ, बारकी अडखळली. तिने प्रत्येकाला त्याच्या टाचणाप्रमाणे वेगळे अडखळून दिले. अकरादादाच्या पाठात ती बदकावर थांबली, सतराताईच्या पाठात तिने पाणी गाळले, चाळीसदादाला घाम फुटल्याचे बघून दोन चुका जास्तीच्या केल्या. परीक्षकांनी शेरा दिला, ‘इतके पाठ्यपुस्तकाबरहुकूम बालक पाहण्यात नाही.’ एकोणतीसच्या पाठात बारकीचे ओठ बदकापाशी अडले, पाण्यापाशी अडले आणि पोहण्यापर्यंत पोचलेच नाहीत. बाकाखाली मांडीवर तिचा अंगठा मात्र पूर्ण वाक्य लिहून गेला. ते दिसेल अशा जागी फक्त एकोणतीस उभी होती. तिला शंभरपैकी एक्क्याण्णव गुण मिळाले.

बेचाळीसच्या बेचाळीस पास झाले. आठशे चाळीस पाठांनंतरही बालकात कोणतीही प्रगती नसल्याच्या अहवालाची मान्यता समितीने विशेष दखल घेतली. इतके कठीण बालक सांभाळणाऱ्या संस्थेला जास्त मनुष्यबळाची गरज दिसते, असे म्हणून तिने आणखी चाळीस जागांची तुकडी मंजूर केली. पाठ-वर्गात बारकीला पुढील पाच वर्षे राखून ठेवण्यात आले.

पदव्या वाटून झाल्यावर आई पुन्हा आली.

“चिठ्ठीचं, सर.”

प्राचार्यांनी रजिस्टर उघडून तिच्याकडे फिरवले. “तुम्हीच सांगा, ताई. याच महिन्यात, सहा दिवस, बेचाळीस वेळा, बाहेरच्या परीक्षकांसमोर तिला वाचता आलेलं नाही. आणि मी लिहून देऊ की येतं म्हणून? खोटं लिहू?”

“तुम्हीच सांगितलं होतं तिला अडखळायला.”

“त्याची कुठे नोंद आहे?”

आई हलली नाही. बाहेर तिघे वाट बघत होते. तेव्हा प्राचार्यांनी, तिला घालवण्यासाठी म्हणून, नियम वाचून दाखवला. दाखला महाविद्यालयानेच द्यावा असे बंधन नाही, ही पदवी असलेली कोणतीही व्यक्ती तो देऊ शकते. “अशी माणसं या गावात आहेत का?” आईने विचारले. प्राचार्य म्हणाले, “परवापासून बेचाळीस आहेत.” बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले.

आईने कागदावर एक ओळ लिहिली: ‘या मुलीला वाचता येते.’ खाली सहीसाठी जागा सोडली आणि बारकीला घेऊन दारोदार निघाली. रविवार ते बुधवार एकेचाळीस दारे झाली. सगळ्यांनी बारकीचे लाड केले. चौघांनी तिला पेन्सिली दिल्या. एकाने नेमणुकीचा आदेश हातात पडू द्या म्हणून सांगितले. एकीचा शिक्का अजून तयार व्हायचा होता. चाळीसदादाने खरे ते सांगितले. “काकू, तिला वाचता येतं असं मी लिहिलं तर मी पास कसा झालो? आणि मी पास झालो नसेन तर माझ्या सहीला काय किंमत?” आईला हे पटले नाही, पण त्यातली चूकही सापडेना.

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दोघी एकोणतीसच्या दारात उभ्या राहिल्या. एकोणतीसच्या आईने दार उघडले. टेबलावर नेमणुकीचा आदेश होता. सोमवारी हजर व्हायचे होते. बारकीने न सांगताच तो वाचला.

“‘नियुक्ती तात्पुरती असून परीक्षेच्या नोंदींत विसंगती आढळल्यास रद्द समजण्यात येईल,’” ती म्हणाली. “विसंगती म्हणजे काय, एकोणतीसताई?”

एकोणतीसने आदेश घडी करून बाजूला ठेवला. मग तिने चिठ्ठी घेतली, टेबलावर ठेवली आणि “उद्या ये,” म्हणाली. बाकीचे एकेचाळीस जण चिठ्ठी परत देत होते. हिने ठेवून घेतली, एवढा फरक आईने जिना उतरताना दोनदा मोजला.

हे लिहीपर्यंत शुक्रवार दुपारचे चार वाजले आहेत. शाळेची मुदत उद्या पाचला संपते. मावशींची चौकशी चालू आहे. चिठ्ठी एकोणतीसच्या टेबलावर आहे, तिच्यावर झाकण काढलेले पेन आहे आणि सही नाही.

उरलेल्या एकेचाळीस जणांना कोणी नावे ठेवू नयेत. तेही सोमवारपासून रुजू होत आहेत. आपल्या मुलाच्या शाळेत त्यांच्यापैकी कोण येणार, हे आपल्याला तिथल्या सूचना-फळीवर वाचता येईल.