दोनशे चौऱ्याऐंशी पायऱ्या

"फक्त आजचा दिवस," असं स्वतःला बजावून अबेलार्दो कांदिया त्या मंगळवारी संध्याकाळी आसेन्सोरमध्ये बसला, आणि तिथून पुढं सगळं बिघडत गेलं.

वाल्पाराइसो शहरात घरं टेकड्यांवर आणि नोकऱ्या खाली, बंदराजवळच्या सपाटीवर. त्यामुळं संध्याकाळी माणसापुढं दोनच मार्ग असतात. पेर्दिसेस टेकडीवर राहणाऱ्याला एक तर दोनशे चौऱ्याऐंशी पायऱ्यांचा जिना चढावा लागतो, नाहीतर त्या जिन्याला खेटून रुळांवरून तारेनं ओढला जाणारा लाकडी डबा आहे, त्यात बसावं लागतं. हा डबा म्हणजे आसेन्सोर. दोन मिनिटांत वर. अबेलार्दो सत्तावन्न वर्षांचा, नोटरीच्या कचेरीतला कारकून, वजन एकशे नऊ किलो. (त्याची बायको एल्सिरा एकशे दहा म्हणायची. वरचा एक किलो बुटांचा, असं त्याचं म्हणणं.)

त्याच्या रक्तातली साखर वाढली होती. टेकडीवरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर साएस वयानं त्याच्या मुलीएवढ्या, पण बोलायला कडक. "तीन महिन्यांत दहा किलो उतरवा," त्या म्हणाल्या. "नाहीतर रोज सकाळी इन्शुलिनची सुई. जेवण अर्धं करायचं आणि रोज जिना चढायचा. दोन्ही."

मुलीचे कान टोचताना मुलगी हसत होती आणि अबेलार्दो चक्कर येऊन पडला होता, त्यामुळं सुईचं नाव ऐकून तो लगेच कबूल झाला. पण घरी येईपर्यंत त्यानं विचार केला.

"वजन तोंडातून आत जातं," तो एल्सिराला म्हणाला. "मग तोंड बंद केलं की झालं. पायांचा काय संबंध?"

"डॉक्टर दोन्ही म्हणाल्या ना, म्हाताऱ्या? मग दोन्ही."

"अर्धं औषध घेतलं तरी गुण येतो."

"तू जिना चढशील," एल्सिरा म्हणाली, आणि टेबलावरचा पाव उचलून कपाटात ठेवला.

जेवणाचं पथ्य मात्र त्यानं खरोखर पाळलं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. संध्याकाळच्या चहाबरोबर एरवी चार मार्राकेता पाव खाणारा माणूस अर्ध्यावर आला. रविवारचे खिमा भरलेले एम्पानादा बंद झाले. उकडलेली पालेभाजी आणि समुद्रातलं शेवाळ तो असा गिळायचा, की समोर बसलेल्या एल्सिराच्या डोळ्यांत पाणी यायचं. जिनाही तो पहिला सोमवार चढला. एकशे दहाव्या पायरीवर त्याला आपल्या दिवंगत वडिलांची फार आठवण आली. दुसऱ्या दिवशी तो मंगळवार.

जिना चढायला त्याला वीस मिनिटं लागली असती आणि डबा दोन मिनिटांत वर न्यायचा. उरलेली अठरा मिनिटं तो वरच्या स्टेशनात, डबा चालवणाऱ्या एर्मोहेनेसच्या केबिनमध्ये रेडिओ ऐकत बसू लागला. एर्मोहेनेस त्याचा शाळेपासूनचा दोस्त. निघताना जिरेनियमला पाणी घालायच्या झारीतून तो अबेलार्दोच्या कपाळावर आणि कॉलरवर घाम शिंपडायचा.

"काखेत घाल थोडा," अबेलार्दो म्हणायचा. "ती तिथं बघते."

सहा आठवड्यांत सहा किलो उतरले.

आता खरं तर त्यानं खूश व्हायला हवं होतं. पण एल्सिरा त्याच्यापेक्षा जास्त खूश झाली, आणि तिथं घात झाला. हे सगळं जिन्यानं केलं, असं तिनं बेकरीत सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, वरच्या गल्लीतल्या ओतिलियाबाईंना तर दोनदा सांगितलं. ओतिलियाबाई सत्तरीच्या, जन्मभर शिवणयंत्रावर बसलेल्या. त्या जिना चढू लागल्या. मग मासेवाला चढू लागला, मग त्याची बहीण. शेवटी दवाखान्याच्या दारावर कागद लागला: येत्या रविवारी सकाळी दहा वाजता सगळ्या टेकडीनं जिना चढायचा. पुढं अबेलार्दो कांदिया. वर डॉक्टर साएस सगळ्यांची वजनं करतील.

तो कागद अबेलार्दोनं उभ्यानं तीनदा वाचला. त्या रात्री त्यानं अर्धा पावही खाल्ला नाही, आणि एल्सिराला वाटलं, काय हा निग्रह.

गुरुवारी त्यानं गुडघा दुखतोय असं सांगून पाहिलं. एल्सिरानं मलम चोळलं, इतक्या मायेनं, की त्याला खरं सांगावंसं वाटलं. तोंड उघडलंही. पण ती खाली मान घालून म्हणाली, "मला वाटलं होतं तुला आता सुयाच लागणार. मग पाय, मग डोळे, माझ्या आईचं झालं तसं. तू जिना चढलास म्हणून मी आता झोपते तरी." त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार?

रविवारी जिन्याच्या पायथ्याशी सव्वीस माणसं जमली. एल्सिरानं नवे कॅनव्हासचे बूट घातले होते. अबेलार्दोचे तळहात ओले होते, आणि या वेळी झारीचा काही संबंध नव्हता. पण रात्रभर जागून त्यानं एक युक्ती काढली होती.

"पुढं मी नको," तो म्हणाला. "मी सवयीनं भराभर जाईन आणि तुम्ही दमाल. मी सगळ्यांच्या मागं राहतो. कुणी थांबलं तर सांभाळायला."

"बघा," एल्सिरा ओतिलियाबाईंना म्हणाली, "असा आहे तो."

माणसं चढू लागली. शेवटची पाठ पहिल्या वळणाआड गेली तसा अबेलार्दो उलटा फिरला आणि खालच्या स्टेशनात शिरून डब्यात बसला. वर सर्वांच्या आधी पोचायचं आणि म्हणायचं, मधल्या बोळातून तुम्हाला गाठून पुढं गेलो. दार लागणार एवढ्यात बाहेरून आवाज आला, "थांबा, थांबा."

डॉक्टर साएस आत आल्या. सपाटीवरच्या इस्पितळातून मागून आणलेला वजनाचा जुना लोखंडी काटा दोन्ही हातांनी ओढत.

अबेलार्दो बाकाच्या टोकाला सरकला.

"कांदियासाहेब," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुम्ही इथं?"

डॉक्टरांनी काट्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. "हा उचलायला आलात होय. किती विचार करता हो दुसऱ्याचा."

"तसंच काहीतरी," अबेलार्दो म्हणाला.

डबा निघाला. खिडकीतून जिन्यावरची माणसं दिसू लागली, म्हणून तो वाकून बुटाची नाडी बांधू लागला. (बूट बिननाडीचे होते.) माणसं मागं पडली. आता अर्ध्याहून जास्त चढण झाली. आता एकच मिनिट. तेवढ्यात वर कुठंतरी लोखंडावर लोखंड घासल्यासारखा लांबलचक आवाज झाला, डबा थरथरला, आणि खाली गेला.

फार नाही, हातभर गेला असेल. मग खालचा ब्रेक रुळाला चावला आणि डबा तिरका होऊन थांबला. काटा सरकत येऊन अबेलार्दोच्या नडगीवर आदळला. मग सगळं शांत झालं. खाली बंदरातल्या बोटीचा भोंगा ऐकू आला.

"हलू नका," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

"मी श्वासही घेत नाहीये."

"तो घ्या."

डबा पुन्हा चार बोटं सरकला. मागच्या खिडकीतून दिसत होते फक्त रूळ, सरळ खाली गेलेले, आणि त्यांच्या टोकाला खेळण्याएवढा टॅक्सीस्टँड. अबेलार्दोनं बाकाचा दांडा दोन्ही हातांनी धरला. त्याला वाटलं, आता मरायचंच आहे, तर खोटं बरोबर कशाला न्यायचं.

"डॉक्टरबाई, मी काट्यासाठी आलो नव्हतो. मी सहा आठवडे रोज यातूनच वर जातोय."

"मला माहीत आहे."

"काय?"

"दर आठवड्याला तुमची नाडी मीच बघते ना. रोज एवढा जिना चढणाऱ्याची नाडी महिन्याभरात खाली येते. तुमची जिथल्या तिथं."

"मग बोलला का नाहीत?"

डॉक्टरांची नजर रुळांवरून हलली नाही. "ओतिलियाबाईंना मी आठ वर्षं चाला म्हणून सांगत होते. तुमच्यामुळं त्या चालल्या. सव्वीस माणसं चालली. इतकं चांगलं औषध माझ्या कपाटात नाही. ते मी कसं फेकून देणार?"

अबेलार्दोनं आपल्या पोटाकडं पाहिलं. मग न राहवून म्हणाला, "पण सहा किलो उतरले ना? व्यायामाशिवाय?"

"उतरले. वजन उतरायला बरंचसं तोंडच पुरतं, तुमचं तेवढं खरं. पण नुसतं उपाशी राहिलं की चरबीबरोबर मांसही जातं. साखर जाळायची ती मांड्यांनी, आणि तुम्ही मांड्याच वाळवताय. आपल्याला बाहेर काढतील तेव्हा एका पायावर उभं राहून बघा."

"आता?"

"आता नको."

एव्हाना जिन्यावरची माणसं डब्याच्या बरोबरीला आली होती. डबा आणि जिना यांच्यामध्ये दहा हातांचं अंतर आणि खाली झाडोरा. सगळ्यात पुढं एल्सिरा. तिनं डबा पाहिला, खिडकीतलं डोकं पाहिलं आणि कठडा घट्ट पकडला.

"अबेलार्दो? तू तिथं कसा?"

डॉक्टर साएसनी चटकन खिडकीतून हात हलवला. "माझा काटा उचलायला आले, वहिनी. मीच बोलावलं त्यांना."

एल्सिराच्या चेहऱ्यावर भीती होतीच, पण तिच्यात काहीतरी उजळलं. "तरीच," ती सगळ्यांना म्हणाली. "काटा उचलायला गेला." अबेलार्दोनं डोळे मिटले. सुटलो, असं त्याला वाटलं. जिवाचं काय होईल ते होवो, पण सुटलो.

त्याच वेळी वरच्या स्टेशनातून एर्मोहेनेसचा कर्ण्यातला आवाज आला. तो बिचारा घाबरून रडकुंडीला आला होता आणि मित्राला धीर देत होता.

"अबेलार्दो, भिऊ नकोस. अग्निशामकवाले निघालेत. तू रोज संध्याकाळी बसतोस तसाच बस, उजव्या खिडकीपाशी. रेडिओ ऐकतोयस असं समज. मी झारी भरून ठेवलीय."

टेकडीवर आवाज चांगला घुमतो. मासेवाल्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. ओतिलियाबाईंनी एल्सिराकडं पाहिलं, आणि लगेच दुसरीकडं पाहिलं.

"कसली झारी?" एल्सिरानं विचारलं.

अबेलार्दोला वाटलं, ब्रेक आत्ताच्या आत्ता सुटावा. "घामाची," तो म्हणाला.

एल्सिरा पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "आधी बाहेर ये. जिवंत ये. मग बघते."

अग्निशामक दलाचे चौघे रुळांच्या कडेच्या दुरुस्तीच्या पायऱ्यांवरून चढत आले. डब्याच्या वरच्या दाराला शिडी लावून त्यांनी आधी डॉक्टरांना काढलं. मग अबेलार्दो. दारात एक पाय शिडीवर टाकून त्यानं सगळा भार त्यावर दिला आणि पाय लटलटू लागला, जणू दुसऱ्याच कुणाचा होता. दोघांनी कंबरेला दोर बांधून त्याला खाली घेतलं. डबा कुरकुरला, पण धरून राहिला.

"आता वर चालायचं," दलाचा प्रमुख म्हणाला. "खाली जाता येणार नाही, डबा सुटला तर वाटेत याल."

वर जायला एकशे तीस पायऱ्या होत्या. हातभर रुंद, लोखंडी, जिन्यापेक्षा उभ्या. अबेलार्दो विसाव्या पायरीला थांबला. पलीकडच्या जिन्यावर एल्सिराही थांबली. तो निघाला, ती निघाली. ती त्याच्याकडं बघत नव्हती, पण एक पायरीही पुढं जात नव्हती. मागची माणसं तिच्यामागं तशीच. सत्तराव्या पायरीला त्याच्या छातीत भाता चालू झाला. नव्वदावीला गुडघ्यांनी नकार दिला आणि तो चार पायांवर आला. सव्वीस माणसं टाचा न वाजवता उभी राहिली.

"ऊठ म्हाताऱ्या," एल्सिरा पलीकडून म्हणाली. "मी थांबलेय."

वर पोचल्यावर तो स्टेशनाच्या फरशीवर आडवा झाला. एर्मोहेनेस झारी घेऊन धावत आला, आणि एल्सिरानं ती त्याच्या हातातून काढून घेतली. तिनं अबेलार्दोच्या कॉलरला हात लावला. मग काखेत पाहिलं. कॉलर चिंब होती, शर्ट पाठीला चिकटला होता.

"हा खरा आहे," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसली. तीन दिवस ती त्याच्याशी याखेरीज काही बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं कॅनव्हासचे बूट घातले आणि संध्याकाळी जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. तेव्हापासून दोघं बरोबर चढू लागली.

चढण्यावाचून इलाजही नव्हता. तपासायला आलेल्या इंजिनियरनं आसेन्सोरच्या फाटकावर पत्रा ठोकला आणि त्यावर पाटी लावली: दुरुस्तीसाठी पुढील वर्षापर्यंत बंद. कारण, जादा भार. खाली बारीक अक्षरांत, प्रवासी दोन. काट्याचा उल्लेख कुठंच नव्हता.

डॉक्टर साएस बांध्यानं किती सडपातळ आहेत हे सगळ्या टेकडीला माहीत होतं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दहा किलो पुरे झाले, नाडी खाली आली, सुई टळली. त्या आनंदात अबेलार्दो एकदाही न थांबता जिना चढत होता, तर दोनशेव्या पायरीवर ओतिलियाबाई दोन्ही हातांत बटाट्यांच्या पिशव्या घेऊन टेकल्या होत्या. त्यानं त्यातली एक उचलली. त्यांनी आधी पत्रा ठोकलेल्या फाटकाकडं पाहिलं, मग त्याच्या पोटाकडं.

"व्यायामाचं एक वेळ जाऊ दे, बाबा," त्या म्हणाल्या. "पण आम्हा सगळ्यांसाठी तू तेव्हा जेवण तरी आणखी थोडं कमी करायला हवं होतंस."