संबंधित टाकीत योग्य द्रव

मनुष्यप्राणी इशारे देण्यासाठी जन्माला येतो. ते ऐकण्याचं खातं अजून उघडलेलं नाही. या कामी ज्यांनी हयात वेचली, त्यांत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या एका गृहस्थांचा क्रमांक फार वरचा लागतो. बावीस वर्षांत त्यांनी मिक्सरपासून मोटारीपर्यंत एकशे चौदा पुस्तिका लिहिल्या. त्यांतल्या तीन वाचल्या गेल्या. (मुद्रितं तपासणारा धरून. तो न धरल्यास आकडा उपलब्ध नाही.) घरात त्यांना 'परिशिष्ट' म्हणत, कारण चहात साखर कमी आहे हे सांगायलाही त्यांना तीन पोटकलमं लागत.

त्यांच्या वाक्यात चूक सापडणं अशक्य होतं, कारण त्यात काही सापडणंच अशक्य होतं. 'संबंधित' आणि 'योग्य' हे दोन शब्द पेरले की लिहिणाऱ्यावर बालंट येत नाही, हा त्यांचा अनुभव. साहेब खूश, कंपनीचा वकील खूश, आणि गिऱ्हाईक विचारायला येत नाही. एकूण आनंदीआनंद होता.

त्या दिवशी त्यांच्या मुलीची मुलाखत होती. अकरा वाजता, नव्वद किलोमीटरवर. इस्पितळातली जागा, दोन वर्षं वाट पाहून आलेलं बोलावणं. "मी आपली बसनं जाते," असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती. "घरात गाडी आहे, बाप धडधाकट आहे, बस कशाला?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. निम्म्या वाटेवर, साडेनऊच्या सुमारास, गाडी चालवताना त्यांच्यासमोर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला.

असा दिवा लागल्यावर जाणकार माणसानं काय करावं याचा क्रम ठरलेला आहे, आणि तो त्यांनी तंतोतंत पाळला. आधी दुर्लक्ष केलं. मग काचेवर टिचकी मारली. मग रेडिओ बंद केला (इंजिनाचं चित्त थाऱ्यावर यावं म्हणून). शेवटी निदान केलं: दिवाच बिघडलाय. दहापैकी नऊ वेळा दिवाच बिघडलेला असतो, असं त्यांनी मुलीला सांगितलं. हा आकडा त्यांनी जागच्या जागी तयार केला होता. बॉनेटखालून वाफ निघाली, तेव्हा ही दहावी वेळ असल्याचं त्यांनी खुल्या दिलानं मान्य केलं.

गाडी एका पंक्चरच्या दुकानासमोर उभी राहिली. मुलीनं खणातून पुस्तिका काढली, तिची प्लास्टिकची पिशवी फोडली आणि वाचायला लागली.

"'शीतक द्रवाची पातळी अपुरी असल्याचे निदर्शनास आल्यास संबंधित टाकीत योग्य द्रव योग्य पातळीपर्यंत भरण्यात यावा. अधिक माहितीसाठी परिच्छेद सात पाहावा.' सातमध्ये म्हटलंय, परिच्छेद चार पाहावा. चारमध्ये म्हटलंय, वर दिल्याप्रमाणे. बाबा, कुणी लिहिलंय हे?"

परिशिष्टांनी घसा खाकरला. "माणूस अनुभवी दिसतो."

"मग संबंधित टाकी कुठली?"

बॉनेटखाली तीन झाकणं होती. परिशिष्टांनी ती पुस्तिका तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून लिहिली होती. बॉनेट त्यांनी आज पहिल्यांदाच उघडलं होतं. त्यातलं हाताशी असलेलं झाकण संबंधित ठरवून त्यांनी डिकीतली कूलंटची अख्खी बाटली आत ओतली. (काच पुसताना पुढे गुलाबी कारंजं उडालं, त्यावरून ती वायपरच्या पाण्याची टाकी असल्याचं निष्पन्न झालं.) मग त्यांनी दुसऱ्या झाकणाला हात घातला, आणि पंक्चरवाल्यानं तो मनगटापाशी धरला.

"काका, भाजून घ्यायचंय का? गार होऊ द्या आधी. हा पाईप बघा, क्लॅम्प ढिला झालाय, पाणी सगळं गळून गेलं. इंजिन गार झालं की आवळून देतो."

"किती वेळ?" मुलीनं विचारलं.

"अर्धा तास तरी."

तिनं घड्याळ पाहिलं. पावणेदहा. रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिनं फक्त पेन काढलं आणि पंक्चरवाल्याला विचारत विचारत पुस्तिकेच्या मलपृष्ठावर चार ओळी लिहिल्या. (गाडी थांबवा, इंजिन बंद करा. अर्धा तास हात लावू नका. टाकी हाताला गार लागली, की मगच झाकण उघडा. दोन रेषांच्या मधे येईल इतकं भरा आणि गळती शोधून घ्या.) तेवढ्यात बस आली. खिडकीतून तिनं हात केला, तेव्हा परिशिष्टांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला एकही पोटकलम नव्हतं.

ती अकराला चार मिनिटं कमी असताना पोचली आणि नोकरी तिला मिळाली. परिशिष्ट पाऊणला पोचले, पाईप आवळून आणि दुकानातलं साधं पाणी भरून.

सोमवारी त्यांनी मुलीच्या चार ओळी पुढच्या आवृत्तीसाठी साहेबांपुढे ठेवल्या. साहेबांनी त्या दोनदा वाचल्या. "सगळंच कळतंय की यात," ते काळजीनं म्हणाले. "उद्या कुणी तसं केलं तर जबाबदार आपण." पण परिशिष्ट आयुष्यात प्रथमच हटून बसले. अखेर तडजोड झाली: ओळी घ्यायच्या, पण कंसात. कंसातलं कुणी वाचत नाही, त्यामुळे तक्रार येत नाही.

गिऱ्हाइकांवर इतका अविश्वास बरा नव्हे, असं तुम्हालाही वाटलं असेल. तर आता वर न बघता सांगा: दिवा लागला, गाडी थांबवली, झाकण कधी उघडायचं?