किडनीचं सर्व्हिसिंग

रिपोर्ट मिस्त्रींच्या हातात आला. क्रिएटिनिन १.६.

"दोन महिन्यांपूर्वी ०.९ होतं," डॉक्टरीणबाई चष्मा वर सारत म्हणाल्या. "हे असंच राहिलं तर तुमची किडनी घेता येणार नाही. आणि ताईंचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलंय."

ताई म्हणजे मिस्त्रींची सख्खी थोरली बहीण. शिवणकाम करून तिनं या धाकट्याला वाढवलं, गॅरेज काढून दिलं. गेलं दीड वर्ष आठवड्यातून तीनदा तिचं रक्त यंत्रातून गाळावं लागत होतं. सगळ्या नात्यागोत्यात जुळली ती एकट्या मिस्त्रींचीच किडनी. "दोन आहेत, एक घे," असं ते तेव्हा पाना उसना दिल्यासारखं म्हणून मोकळे झाले होते.

"या दोन महिन्यांत केलंत तरी काय?"

"काय करणार? सर्व्हिसिंग."

"कसलं?"

"किडनीचं."

मिस्त्रींचा तीस वर्षांचा नियम होता. जुना पार्ट कुणाच्या हाती द्यायचा तर घासूनपुसून, चकचकीत करूनच. इथं तर पार्ट सख्ख्या बहिणीला द्यायचा होता! म्हणून बावन्नाव्या वर्षी ते व्यायामशाळेत दाखल झाले. रोज दोनशे बैठका, दोन वेळा मटण, सहा अंडी, शिवाय तिथल्या मास्तरांनी दिलेली पावडर. अंग ठणकायला लागलं तशा दुखण्याच्या गोळ्याही सुरू झाल्या. तपासणीला 'उपाशीपोटी या' असा निरोप आला, तेव्हा तर त्यांनी आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. टाकी रिकामी केल्याशिवाय आतलं दिसणार कसं, हा त्यांचा हिशेब.

"आणि रोज पेलाभर पालकाचा रस," शेजारी बसलेल्या बायकोनं भर घातली. "तो मी द्यायचे. नैसर्गिक म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मिस्त्री, क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या कामातून निघणारा कचरा. किडनी तो गाळून बाहेर टाकते. रक्तात तो साठलेला दिसला की आम्हाला गाळणीची शंका येते. तुम्ही कचरा वाढवलात, पाणी तोडलंत आणि वर गोळ्यांनी गाळणीलाच त्रास दिलात. आणि वहिनी, नैसर्गिक म्हटलेलं सगळंच किडनीला मानवतं असं नाही."

"म्हणजे गाळणी गेली?" मिस्त्रींचा आवाज चिरकला.

"आज नाही सांगता येणार. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू."

"तोवर मी काय करू?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय काय?"

"पावडर, गोळ्या, बैठका, रस, सगळं बंद. साधं जेवण, मीठ बेतानं, तहानेप्रमाणे पाणी, थोडं चालणं, पुरेशी झोप. बाकी हात लावायचा नाही!"

आयुष्यात मिस्त्रींना कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं. त्याहून अवघड होतं ते ताईला सांगणं. ते गेले तेव्हा ती शिलाई मशीनपाशी बसली होती, रक्त गाळायच्या सुया टोचून सुजलेला हात मांडीवर ठेवून. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं मशीनवर थाप मारली.

"बारा वर्षांचा होतास, तेव्हा हे खोललं होतंस. चांगलं चालत होतं की! का खोललंस?"

"आणखी चांगलं चालावं म्हणून."

"आणि जोडल्यावर तीन स्क्रू उरले."

"पण चाललं ना? आजही चालतंय."

"चालतंय. पण ते माझं नशीब रे, तुझी कारागिरी नव्हे." मग ती हळूच म्हणाली, "हे बघ, रिपोर्ट वाईट आला तरी मी तुला बोल लावणार नाही."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. ते जिन्यात येऊन लहान मुलासारखे रडले.

पथ्याचे दोन आठवडे सुरू झाले. एकदा पहाटे पलंगाआड मिस्त्रींचं डोकं वरखाली होताना बायकोला दिसलं.

"काय करताय?"

"चप्पल शोधतोय."

"दोन्ही पायांत आहेत!"

मिस्त्री गुपचूप अंथरुणावर येऊन पडले. पुढच्या तपासणीला सुई टोचताना त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. रिपोर्ट आला तेव्हा तो वाचायची त्यांची छाती होईना, शेवटी बायकोनं वाचला. ०.९! लघवीची तपासणीही चोख निघाली. ठरल्या दिवशी बहीणभावाला शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं.

मिस्त्री शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा होता आणि कूस ठणकत होती. समोर डॉक्टरीणबाई आणि एक नर्स उभ्या होत्या.

"डॉक्टर, बसवली?"

"बसवली, आणि लगेच चालूही झाली. ताई छान आहेत."

मिस्त्रींनी ग्लानीतच त्यांचं बोट पकडलं. "बसवल्यावर... काही उरलं तर नाही ना?"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या, पण नर्सला हसू आवरेना. तिनं खिशातून एक छोटी पुरचुंडी काढून त्यांच्या तळहातावर सोडली. आत चाळीस वर्षं जपलेले तीन गंजके स्क्रू होते.

"ताईंनी आत जाताना दिलेत. म्हणाल्या, तो असंच विचारेल, तेव्हा दे. आणि त्याला सांग, बरा झालास की हे जागच्या जागी बसव." नर्स जरा थांबली. "पण मशीन न खोलता!"