तीन नंबरची केबिन

आमच्या शेजारच्या बाळाराम भोईरांचा कुठल्याही गाण्यावर विश्वास नव्हता. माणसांवरही नव्हता, पण गाण्यांवर त्याहून कमी. गणपतीत नारपोलीच्या नाक्यावर एखादं नवीन गाणं कर्ण्यावरून सारखं वाजायला लागलं की काका ओट्यावर उभे राहून मला विचारायचे, "हा गाना कोनी चालवला?"

लोकांना आवडलं म्हणून चाललं, असं मी म्हटलं की ते एक डोळा बारीक करायचे. "आपोआप काय चालत न्हाय रं. कोनतरी बटन दाबतो तवा चालतो. कायतरी घोटाला हाय."

असा माणूस साठीला आल्यावर इंटरनेटवर नवीन गाणी ऐकायला लागला, तर कोणालाही शंका येईल. मला आलीच.

झालं असं की काकांची घराला लागून लूमची, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांची, शेड होती. ती वर्षानुवर्षं चालली. मग सूत परवडेना, कापड उचललं जाईना आणि एक दिवस भंगारवाला लूम तोडून वजनावर घेऊन गेला. रिकामा गाळा काकांनी इरफानला भाड्यानं दिला. इरफाननं तिथं प्लायवूडच्या केबिनी ठोकल्या, पडदे लावले आणि सायबर कॅफे काढला. पडदे बघून काकांचा डोळा बारीक झाला. आत काय धंदे चालतात ते बघायला ते थेट शिरले. घरमालकाची कटकट नको म्हणून इरफाननं त्यांना खुर्चीवर बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि जगभरची पोरं जिथं स्वतःच आपली गाणी चढवतात तसली एक साइट उघडून दिली. ना कंपनी, ना कॅसेट, ना जाहिरात. चाचा गप्प बसावेत, एवढाच त्याचा हेतू होता.

चाचा गप्प बसले आणि रोज बसायला लागले. केबिनही ठरलेली, तीन नंबरचीच. दुसरं कोणी तिथं असलं तर हे पडद्याबाहेर उभे राहून खाकरायचे.

संध्याकाळी ओट्यावर मला बातमीपत्र मिळायचं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे नावं कोणाचीच माहीत नाहीत. पण माल एकेक भन्नाट. एका गृहस्थानं मांजराच्या घोरण्यावर पेटी वाजवली होती. एक मुलगी फ्रिजच्या घरघरीत सूर मिसळून गात होती. कुणी भोपळ्याला तारा लावल्या होत्या. हे सगळं काकांना मनापासून पसंत होतं. "ही मानसा खरी," ते म्हणायचे. "ह्यांना कोन पैसा देनार? मंग खोटा कशाला वाजवतील?"

गाण्याखाली ते किती वेळा ऐकलं गेलं त्याचा आकडा असायचा. आकडा मोठा दिसला की काका ते गाणं लावायचेच नाहीत. एकदा मात्र ते हादरून माझ्याकडे आले. त्यांचं एक खास गाणं होतं, कोणाला ठाऊक नसलेलं, आणि त्याचा आकडा रोज थोडा थोडा वाढत होता. "माज्या पालतीवर कोनतरी हाय. मी ऐकला की तोबी ऐकतो!" तो आकडा तुम्हीच वाढवताय, हे मी परोपरीनं समजावलं. त्यांनी माझ्याकडेच डोळा बारीक करून बघितलं. "तुला बरा माहीत?"

त्याच आठवड्यात हिराकाकींनी मला घरी बोलावलं आणि वाटीभर कोलंबीचं कालवण पुढं ठेवलं. काकी कारणाशिवाय कालवण देत नाहीत. मी सावध झालो.

"तुज्या काकाचा कायतरी हाय," त्या म्हणाल्या. "लूम गेल्यापासून घरात तोंड उघडत न्हाय. काय झाला, तर म्हनतो, काय न्हाय. आन् तिथं पडद्यामागं जाऊन बसतो. टीव्हीवर दाखवतात ती चॅटिंग करतो. बाई हाय, दुसरा काय?" कोपऱ्यात त्यांची भरलेली पिशवी होती. "मी रविवारी पडघ्याला भावाकडं जानार. मंग परत यायची न्हाय. त्याच्या आधी तू बगून ये."

कालवण खाल्लेलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. शनिवारी मी चार नंबरच्या केबिनमध्ये बसलो आणि खुर्चीवर चढून प्लायवूडवरून पलीकडे डोकावलो.

काकांच्या कानाला हेडफोन होता, नजर कॉम्प्युटरवर होती आणि ते दोन्ही हातांनी खाणाखुणा करत होते. बोटं तोंडाशी नेत होते, मनगट फिरवत होते, मध्येच हसत होते. म्हणजे काकींचं खरं होतं, आणि प्रकरण कॅमेऱ्यापर्यंत गेलं होतं!

मी तरातरा जाऊन पडदा ओढला. कॅमेरा कुठंच नव्हता. कॉम्प्युटरवर एका गाण्याचं पान होतं, बाईचं नखही दिसत नव्हतं.

"तू कोनाचा मानूस?" काका ओरडले. मग मला ओळखून त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर दाबला. "ऐक. वलखला काय?"

खटाक खट, खटाक खट, मध्येच एक अडखळ, पुन्हा खटाक खट.

"माजा तीन नंबरचा लूम हाय ह्यो! तो इथंच हुता, मी बसलो ना, बराबर इथंच. कोनतरी आवाज चोरून परदेशात नेला. मी पैल्यापासून म्हनतो, घोटाला हाय."

गाण्याखालचं इंग्रजी मी वाचलं. कुठल्याशा थंड देशातल्या पोरानं लिहिलं होतं की हे आमच्या न्हाणीघरातलं जुनं कपडे धुण्याचं मशीन. मी काकांना ते सांगितलं नाही.

"पण हात कोणाला करत होतात?"

त्यांनी डोळा बारीक केला, पण या वेळी तो ओला दिसला. "हिराला. लूमच्या आवाजात कोनाला काय ऐकू येतंय? ती डबा घेऊन त्या दारात उभी ऱ्हायची, आमी हातांनीच बोलायचो. भांडन बी हातांनीच. आता आवाज गेला. घरात समोर बसली की तोंडानं काय बोलायचा तेच मना कलत न्हाय."

ऐकून मला फार वाईट वाटलं. आपण पडद्याआड पाप शोधायला आलो होतो याचं तर जास्तच.

रविवारी काकी पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा मी त्यांना कॅफेच्या दारापर्यंत आणलं. लूम गेल्यापासून त्यांनी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. मी इरफानला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं तीन नंबरचे हेडफोन काढून मोठे स्पीकर जोडले आणि आवाज पूर्ण सोडला. केबिनींमधून पोरं बोंबलायला लागली. पडदा सारून काका बाहेर आले आणि दारात काकींना बघून जागीच थांबले.

काकी कान देऊन ऐकत होत्या. "तीन नंबर!" त्या ओरडल्या. "पट्टा अजून ढिलाच हाय!"

ते माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नसेल. काकांनी हात वर केला, बोटं तोंडाशी नेली आणि भुवया उडवल्या. जेवलीस?

काकींनी पिशवी खाली ठेवली. त्यांना दोन्ही हात लागणार होते.

पुढं काय बोलणं झालं ते मला समजलं नाही. काकींची बोटं भराभर चालत होती, काका मान हलवत होते, छातीवर हात ठेवत होते, काकी पदरानं डोळे पुसून पुन्हा सुरू होत होत्या. बहुतेक बरंच साठलेलं भांडण होतं. मी काकांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "काय म्हणतायत?"

"तुला कशाला पायजे?" काका म्हणाले.

तेवढ्यात गाणं संपलं. एकदम सगळं शांत झालं आणि दोघांचे हात हवेतच राहिले. काका जमिनीकडे बघायला लागले. इरफान म्हणाला, "चाचा, खतम हो गया."

काकींनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. त्या इरफानकडे वळल्या.

"परत लाव रं," त्या म्हणाल्या. "माजा सांगून झाला न्हाय."