पुढून ओढणारी गाडी

नागपूरच्या शोरूममध्ये गुलाबराव काकाजींनी नव्या मोटारीच्या पाठीमागे थाप मारली आणि कातडी थरथरते का ते पाहिलं. थरथरली नाही. मग ते पुढे गेले, वाकून दिव्यांच्या मधल्या जाळीत डोकावले आणि विकणाऱ्या तरुणाला म्हणाले, "किती दाती हाये?"

तो तरुण माझ्याकडे पाहू लागला. मी छताकडे पाहू लागलो. इंग्रजी वाचायला म्हणून काकाजींनी मला सोबत आणलं होतं, आणि मी त्यांच्यासोबत नाही असं दाखवण्याची माझी धडपड चालली होती. हे कबूल करतो. पुढे याहून वाईट कबूल करायचं आहे.

काकाजी आमचे वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतले शेजारी. शेती सिंदीकडे. बैलाचे पारखी म्हणून त्यांचं नाव मोठं. कोणी बैल घ्यायला निघाला की आधी काकाजींच्या ओट्यावर येई. ते बाजारात बैलाभोवती तीन चकरा मारत, दात मोजून वय ठरवत, खांद चाचपत आणि म्हणत, "जनावर सोताहून सांगत नाई. आपल्याले इचारा लागते." पुढे पुढे हेच माप ते सगळ्याला लावू लागले. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांसाठी मुलगी पाहायला गेले, तेव्हा चहा झाल्यावर त्यांनी मुलीच्या बापाला सांगितलं, "दोन पावलं चालून दाखवा म्हना." लग्न झालं, पण काकाजींना बोलावणं आलं नाही.

ऐंशी सालानंतर ती नवी छोटी गाडी निघाली. नोकरदाराला, मध्यम शेतकऱ्यालाही झेपेल अशी. वर्ध्यात जो तो तिच्याबद्दल बोलत होता, आणि बहुतेकांनी ती पाहिलेली नव्हती. काकाजींनी मात्र नंबर लावला होता. आता तो आला होता.

मी शोरूममधलं इंग्रजी पत्रक मराठीत सांगू लागलो. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, इथे त्यांनी मला थांबवलं.

"पुन्ना वाच."

मी वाचलं.

"म्हनजे आजवरच्या मोटारी मांगून ढकलत होत्या?"

"बहुतेक."

"मंग पेट्रोल पितीनच ना, बाबू. बैल कोनी गाडीच्या मांग जुपते काय?"

शेजारी उभे असलेले एक डॉक्टर काचेतून बाहेरच्या आपल्या जुन्या मोटारीकडे संशयाने पाहू लागले.

पुढचं सगळं सोपं गेलं. वजन कमी, हे ऐकून काकाजी म्हणाले, "काळ्या मातीत फसली तं चार जन उचलतीन." थोड्या जागेत वळते, तर "पांदनीत कामाची." लिटरमागे जास्त चालते, तर "वैरन कमी, चाल चांगली." डिकीत सरकीचं एक पोतं मावेल, हे त्यांनी डोळ्यांनीच मापून घेतलं. गाण्याच्या मशीनला मात्र नाही म्हणाले. बैलाला घंटी पुरते. रंग पांढरा घेतला, तो ढवळा म्हणून. आम्ही कागदांवर सह्या करत होतो तेव्हा तो तरुण दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "साहेब, काळ्या मातीत फसली तर चार माणसं उचलतात."

घरी आल्यावर गाडीचे लाड सुरू झाले. काकाजी ती चालवत नसत, हाकत. थांबली की सोडत. भर उन्हात जुपत नसत. माणूस आडवा आला तर हॉर्नऐवजी जिभेने टक् टक् करत, आणि काच वर असल्यामुळे तो आवाज फक्त शेजारी बसलेल्या काकूंना ऐकू येई. "मले पाहाले आले तवा मान वर केली नाई," काकू म्हणत. "अन् इच्या पोटाखाली सतरंजी टाकून निजते मानूस."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. हळद-लोण्याने खांदे चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. काकाजींनी बैलांचं आटोपलं आणि उरलेलं लोणी गाडीच्या पुढच्या दोन चाकांना चोळलं. मागच्या चाकांना काही नाही. "ते नुसते संग येते," म्हणाले.

त्या दिवशी पानठेल्यावर मी ही गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणालो, "गुलाबरावांचं तान्हं आहे ते." लोक खूप हसले. नाव गावभर झालं. काकाजी-काकूंना मूलबाळ नव्हतं. हे मला माहीत होतं, पण बोलताना आठवलं नाही. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या संध्याकाळी, काकाजी माझ्याकडे आले. पोळ्यानंतरचा दिवस तान्ह्या पोळ्याचा. त्यात लहान मुलं आपले लाकडी नंदी सजवून तोरणाखाली रांगेत उभे करतात. त्याच्या कमिटीचा मी सेक्रेटरी.

"बाबू, उद्या आपली गाडी रांगेत उभी करू म्हनतो. सगळ्यात मांग राह्यन."

"काकाजी, तो लेकरांचा पोळा आहे. नंदी लाकडाचा पाहिजे, आणि दोर धरायला लेकरू पाहिजे."

"लाकडाचं समजलं. लेकरू पाह्यजेच काय?"

"नियमच आहे."

त्यांनी मान हलवली आणि गेले. नियमांचा तो कागद माझ्याच अक्षरातला होता. एक ओळ खोडली असती तर कोणी विचारलंही नसतं. पण ती खोडली तर गाव मलाही हसेल, एवढंच मला दिसत होतं.

तान्ह्या पोळ्याला ते आलेच. रांगेत नाही, पलीकडे लिंबाखाली. बंपरला गेरू, आरशांना कागदी फुलं. पुढे कासरा बांधलेला, त्याचं टोक काकाजींच्या हातात. आत काकू नवं लुगडं नेसून, मांडीवर करंज्यांचा डबा धरून बसल्या होत्या. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तेवढ्यात माझी वंदना, आठ वर्षांची, काखेत आपला नंदी घेऊन रांगेतून निघाली आणि तिने तो कासरा धरला.

"काकाजी, मी धरते. मंग चालते ना?"

काकाजींनी टोक सोडलं. काकू काच खाली करू लागल्या.

कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "पाहा, सेक्रेटरीच्या पोरीले तान्हं सापडलं." हशा झाला. मी तरातरा गेलो, वंदनाचा दंड धरला आणि तिला ओढत रांगेत आणून उभं केलं. तिचा नंदी वाटेत पडला. काकाजींनी तो उचलून, पुसून तिच्या हातात दिला. मग कासरा सोडून गुंडाळला आणि गाडी हळूहळू घराकडे नेली.

सकाळी ते माझ्या दारात उभे होते. रात्रभर मी उत्तरं जुळवली होती. नियम, कमिटी, लोकांचं तोंड. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"काल तू पोरीले लय जोरानं ओढलं, बाबू," ते म्हणाले. "दंडाले लागलं तं नाई ना तिच्या?"

"नाही," मी म्हणालो.

वंदना आत झोपली होती. मी अजून तिचा हात पाहिलाच नव्हता.