बरी झालेली डबी

आमच्या ह्यांच्याकडे एक डबी आहे. लोखंडी, नारिंगी रंगाची, साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठी. गिटारची वायर एका बाजूनं तिच्यात शिरते, दुसऱ्या बाजूनं निघून स्पीकरकडे जाते. वरचं बटण पायानं दाबलं, की गिटारचा तो गोड आवाज भरडून, करकरून, पार फाटून बाहेर पडतो. (तो तसाच पडायला हवा असतो. हे एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचा घोळ समजेल.)

लग्नाआधी आमचं घर वाचनालयामागच्या गल्लीत होतं आणि वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये हे आणि ह्यांची मित्रमंडळी वाजवायला जमायची. मी संध्याकाळी दिवा लावायला बसले की खिडकीतून तो आवाज यायचा. कुणीतरी पत्रा कापतंय असंच वाटायचं. जो कोण असेल त्याला सद्बुद्धी दे, म्हणून मी उपास धरले. देवानं ऐकलं, पण स्वतःच्या पद्धतीनं. त्यानं तो मुलगाच माझ्या पदरात घातला. (खरं सांगायचं तर तोवर आवाजही कानात मुरला होता. एखाद्या संध्याकाळी आला नाही, तर माझं जपात लक्ष लागायचं नाही.)

पुढे ह्यांची पाणीखात्यातली नोकरी आली, मुलगी आली, तिचे दात, तिच्या परीक्षा. डबी कपाटात गेली ती गेलीच.

आणि परवा कळलं की तो हॉल पाडणार. रविवारी संध्याकाळी शेवटचं एकदा सगळ्यांनी जमायचं ठरलं. पूर्वी ह्यांच्याबरोबर ड्रम बडवणारे, आता लोकांचे दात काढतात ते डॉक्टर घरी आले. "एकच गाणं," ते म्हणाले. "पाडायच्या आधी भिंतींना तरी आठवण राहू दे आपली."

हे हो म्हणाले. कित्येक वर्षांत कुठल्याही गोष्टीला ह्यांनी इतक्या पटकन हो म्हटल्याचं मला आठवत नाही. त्याच उत्साहात डबी काढली, पुसली, वायरी जोडल्या, बटण दाबलं. गिटार एकदम मुकी झाली.

"गेली," हे म्हणाले.

"माझ्या पुतण्याकडे नवी आहे. आणू?" डॉक्टर म्हणाले.

"नको. त्यातून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज येतो. तुम्ही वाजवा, मी खुर्चीत बसून ऐकेन." आणि आजाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालावं तशी त्यांनी गिटारवर खोळ चढवली.

मला ते बघवेना. म्हटलं, डबी दुरुस्तीला न्यायची आणि ती बरी व्हावी म्हणून त्या दिवशी सूर्यास्तापर्यंत मौन धरायचं. (आमचा मिक्सर असाच बरा झाला होता.) माझ्या मौनात लिहिणंही बसत नाही. लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच की. हातवारे चालतात.

रविवारी सकाळी हे बाजारात गेलेले पाहून मी वाचनालयासमोरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले आणि डबी काउंटरवर ठेवली.

"काय होतंय हिला?" त्यानं विचारलं.

मी पायानं बटण दाबल्याचा अभिनय केला. हवेतच गिटार वाजवून दाखवली. आणि कसा आवाज यायला हवा ते नीट कळावं, म्हणून त्याच्या टेबलावरचा जुना पेपर उचलून टर्रकन फाडला.

"आवाज फाटतो?"

मी आनंदानं मान डोलावली. इतका समजूतदार माणूस.

"काळजीच करू नका, वहिनी. एकदम काचेसारखा करून देतो."

काच फुटल्यावर काय आवाज येतो ते मला ठाऊक होतं. मी पुन्हा मान डोलावली.

दुपार पार कलल्यावर आणायला गेले तर डबीवरचा दिवा लागलेला. त्यानं आपला रेडिओ डबीला जोडून दाखवला. बातम्या वाचणारी बाई स्वच्छ, सावकाश बोलत होती. मला बरं वाटलं. बातम्यांना कशाला फाटायला लावायचं? गिटारची गोष्ट वेगळी.

घरी दिवा लागलेला पाहून हे लहान मुलासारखे हसले. तपासायला वेळच नव्हता, तसेच निघालो. दुरुस्तीवालाही आपलं काम ऐकायला इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये हजर.

ह्यांनी गिटार जोडली. डोळे मिटले. बटण दाबून तार छेडली.

बाळाला निजवायला वाजवावं इतकं गोड काहीतरी निघालं.

"तू सुधारलास की रे," डॉक्टर ड्रममागून म्हणाले. पण हे हसले नाहीत. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तेच. मग ते गिटारचा पट्टा गळ्यातून काढायला लागले.

दुरुस्तीवाल्याला वाटलं, शाबासकीच द्यायची राहिलीय. तो पुढे येऊन म्हणाला, "कंपनीचीच चूक होती, साहेब. एक वायर तर सुटलीच होती, पण आत दोन तुकडे असे बसवले होते की आवाजाची टोकंच छाटली जायची. काढून टाकले." आणि खिशातून ते काढून अभिमानानं तळहातावर ठेवले.

हे त्या तळहाताकडे बघत राहिले. खिडकीतून ऊन अजून आत येत होतं. मी मनात म्हटलं, देवा, उरलेलं मौन उद्या फेडते, आणि बोलले, "ते परत बसवा."

म्हणजे बोलायला गेले. सकाळपासून मिटलेला घसा, त्यात जिने चढलेले. आवाज असा काही निघाला, की पुढच्या रांगेतल्या माणसानं छताकडे पाहिलं.

ह्यांचा हात पट्ट्यावरच थांबला. "पुन्हा बोल गं."

"ते परत बसवा," मी करकरले.

"हा," हे दुरुस्तीवाल्याला म्हणाले. "अगदी हाच आवाज हवाय मला."

"असा?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "मग सकाळीच बोलायचं ना, वहिनी."

तो धावत दुकानात गेला आणि तुकडे बसवून आला. ह्यांनी बटण दाबलं, आणि वाचनालयामागच्या गल्लीतली माझी खिडकी उघडली. तोच कापला जाणारा पत्रा. ह्यांचे केस पिकलेत, डॉक्टरांना धाप लागत होती, भिंतींचे पोपडे पडत होते, पण आवाजाचं वय काही वाढलेलं नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले.

गाणं संपल्यावर डॉक्टर माइकवर म्हणाले, "आजचा हा फाटका आवाज आमच्या वहिनींच्या कृपेनं." टाळ्या झाल्या. मला उभं राहावं लागलं. लोक 'दोन शब्द, दोन शब्द' म्हणाले, म्हणून मी आभार मानले.

हॉल शांत झाला. शेजारी बसलेल्या दुरुस्तीवाल्यानं काळजीनं माझ्याकडे वाकून हळूच सांगितलं, "वहिनी, घशातलं मला जमत नाही हं."