गुरुवारची झोप आणि स्टीअरिंगचं ऑइल

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर अतुलने पंखा पाचवर केला, उशी उलटी करून गार बाजूवर गाल टेकवला, आणि नेमका तेव्हाच गौतमीने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

“पप्पा, बघा ना! अर्ध्या तासाचं काम आहे. घरीच होतं!”

अतुल उरवड्याच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होता. आठवडाभर रात्रपाळी आणि गुरुवारची सुट्टी. बाकीचे लोक सुट्टीत फिरायला जातात, अतुल सुट्टीत झोपायला जायचा. आयुष्याकडून त्याचं आता एवढंच मागणं उरलं होतं: गुरुवारी दुपारी, कुणीही न उठवता, तोंड उघडं टाकून झोपायचं. बास.

मोबाइलमधला माणूस गाडीच्या पॉवर स्टीअरिंगचं ऑइल बदलत होता. अतुलच्या जुन्या जीपचं स्टीअरिंग कित्येक महिने दगड झालं होतं. गल्लीच्या वळणावर गाडी ‘घुंऽऽईंऽऽ’ असा गळा काढायची, की वाटावं, आत कुणाला तरी डांबून ठेवलंय. शेजारचे कोंडिबा आण्णा एकदाच त्या गाडीत बसले होते. उतरल्यावर म्हणाले, “ह्यापरास एसटीत उभं ऱ्हाऊन जाईन.” त्यानंतर गल्लीतल्या कुणीही अतुलकडे ‘जरा सोड की’ म्हणून तोंड उघडलं नव्हतं.

“रात्रभर मशीन ओढायचं आणि सकाळी हे स्टीअरिंग,” त्याची बायको रेश्मा म्हणाली. “खांदे बघा तुमचे. करून टाका एकदाचं आणि मग निवांत झोपा.”

‘मग निवांत झोपा’ एवढंच अतुलच्या कानात शिरलं. तिथेच तो फसला.

पद्धत खरंच सोपी होती. बॉनेटखालच्या ऑइलच्या डबीतलं जुनं ऑइल मोठ्या सिरिंजने ओढून घ्यायचं, नवं भरायचं, इंजिन चालू करून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, परत ओढायचं, परत भरायचं. डबीत स्वच्छ लाल दिसेपर्यंत. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक वाचून गौतमीने पिरंगुटहून नेमकं ऑइल आणूनही ठेवलं होतं. दहावीची परीक्षा संपल्यापासून तिने घरातला मिक्सर, इस्त्री आणि दाराची बेल दुरुस्त केली होती. बेल आता फक्त दार उघडलं की वाजायची, पण वाजायची.

फक्त सिरिंज नव्हती.

“आण्णांकडे आहे की! म्हशीला औषध पाजायची!” म्हणत गौतमी धावली. सिरिंज आली. सिरिंजमागून आण्णा आले.

“आण्णा, तुम्ही कशाला त्रास घेतलात?” अतुल क्षीण आवाजात म्हणाला.

“माजी वस्तू हाय. वस्तू जाईल तितं मी जानार.”

“आणि ही परत म्हशीला लावायची नाही हां आण्णा,” गौतमीने बजावलं. “मी नवी आणून देते.”

“का? तिचं बी स्टेरिंग लई जड झालंय.”

अतुलने बॉनेट उघडलं. गावात दार उघडं दिसलं तर माणूस निदान हाक मारून आत येतो. बॉनेट उघडं दिसलं तर हाकही मारत नाही, सरळ डोकं घालतो. पहिलं डोकं वाल्मीकचं. तो शाळेची व्हॅन चालवायचा, त्यामुळे चारचाकीतलं शेवटचं मत त्याचं असायचं. मग दूधवाला थांबला. मग दूधवाला का थांबला हे बघायला आणखी दोघं थांबले. अतुलला स्वतःच्याच गाडीत वाकायला जागा उरली नाही.

आण्णांनी जुनं ऑइल ओढलं. काळंकुट्ट, जळका वास.

“हे ऑइल न्हाई, काढा हाय,” आण्णा म्हणाले.

नवं लाल ऑइल भरताना अतुलची आई भीमाबाई ओट्यावर आल्या. “आगं बया! रगत चढवताय व्हय गाडीला?”

आता स्टीअरिंग कुणीतरी फिरवायला हवं होतं. अतुलला डबीतले बुडबुडे बघायचे होते, आण्णा सिरिंज सोडेनात, गौतमीच्या हातात टॉर्च आणि वाल्मीकच्या तोंडात सूचना. मोकळं माणूस एकच.

“आये, बस जरा पुढं.”

भीमाबाई पदर खोचून वर चढल्या. सीटवर ऐसपैस बसून म्हणाल्या, “कुटं जायचं हाय?”

“कुठंच नाही. जागेवरच नुसतं फिरव.”

“मंग येवढं वर चढवलं कशापायी?”

अतुलने हँडब्रेक ओढलेला आहे ना, गिअर मोकळा आहे ना, हे तपासून इंजिन सुरू केलं. वाल्मीक ओरडला, “डावीकडं!” आण्णा ओरडले, “आरं, आदी उजवीकडं!” दूधवाला काहीच न कळता ओरडला, “बास बास!”

“आजी, जेवायच्या हाताकडं!” गौतमीने सगळ्यांच्या वर आवाज काढला. “आता दुसऱ्या!”

भीमाबाईंना लय सापडली. जेवायचा हात, दुसरा हात, जेवायचा हात. चाकं जागच्या जागी वळू लागली. अंगणात रेश्माने कुरडया वाळत घातल्या होत्या आणि त्या चादरीचा एक कोपरा पुढच्या चाकाखाली होता, हे चादरीने पीळ घेतल्यावरच सगळ्यांना कळलं.

“अहो, माझ्या कुरडया!” रेश्मा किंचाळली. “आत्या, थांबा!”

“थांब गं, आत्ता कुटं हाताला लागतंय!”

कुरडया एकेक करत गाडीखाली घरंगळल्या. रेश्मा गुडघ्यांवर बसून त्या वेचू लागली, आण्णा ऑइल ओढत राहिले, अतुल भरत राहिला. बुडबुडे काही जाईनात. परत ओढा, परत भरा. परत चहा करा, कारण मंडळी वाढली होती. ऊन ओट्यावरून उतरून भिंतीमागे गेलं, आणि अतुलची झोपही त्याच्याबरोबर गेली.

शेवटी डबीत लाल ऑइल स्वच्छ दिसलं. अतुलने गाडी वळणावर नेली. एका बोटाने स्टीअरिंग फिरलं. आवाज नाही. आतल्या डांबलेल्या माणसाची सुटका झाली होती. गल्लीने टाळ्या वाजवल्या. अतुलच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते जांभईचं होतं.

हातपाय धुऊन तो आडवा झाला. उशी उलटी केली. गार बाजू. डोळे मिटले.

“अतुल्याऽ,” खिडकीतून आण्णा म्हणाले. “लोन्यावानी झालंय रं स्टेरिंग. जरा पौडला सोड की.”

आण्णांना सोडून आला तर दारात वाल्मीक. व्हॅन गॅरेजला, मावशीला भूगावला पोचवायची होती. शनिवारी सकाळी रात्रपाळी करून आला तर दूधवाल्याचे सासरे पिशवी घेऊन ओट्यावर. सगळ्यांचं म्हणणं एकच, “आता काय, गाडी हलकी झालीया.” नाही म्हणायची सोय नव्हती. प्रत्येकाने त्या बॉनेटमध्ये डोकं घातलं होतं.

पुढचा गुरुवार आला. दुपारी जेवण झालं. आण्णांना कोळवणला जायचं होतं. ते पुढच्या सीटवर बसले, मागे भीमाबाई आणि गौतमी, नुसत्या हवा खायला.

गाडी वळणावर आली आणि ‘घुंऽऽईंऽऽ’!

“आँ!” आण्णा दचकले. “परत?”

“परत, आण्णा,” अतुल दुःखाने म्हणाला. “आता काही खरं नाही. तुम्ही आपले एसटीनेच जा.”

मागच्या सीटवरून गौतमीला आरशात पप्पांचा चेहरा दिसत होता. स्टीअरिंग एका बोटाने फिरत होतं आणि घुंईं त्यांच्या मिटलेल्या ओठांतून येत होतं. तिने पटकन खिडकीबाहेर तोंड केलं आणि ओढणी दातांत धरली.

आण्णांनी थोडा विचार केला, दार उघडलं आणि खाली उतरले. अतुलला समोर उशीची गार बाजू स्पष्ट दिसली.

“गाडी मागं घे,” आण्णा म्हणाले. “कोळवन काय पळून जातंय व्हय? आज गुरवारच हाय, तुला सुट्टीच हाय. ए वाल्मीक! भाईर ये! बॉनेट उगडायचंय!”

गल्लीत दारं उघडल्याचे आवाज आले. आणि मागच्या सीटवरून भीमाबाई पदर खोचत पुढे सरकल्या.

“सर तिकडं, अतुल. जेवायच्या हाताकडनं सुरू करायचं न्हवं?”